मारबतीची परतफेरी

१

"अख्ख्या नागपुरात मले उल्लू बनवणारा माणूस अजून जन्माले आला नाई!" रुपरावनं चालत्या बसमध्ये उभं राहून जाहीर केलं. तेवढ्यात ब्रेक लागला. धपकन खाली बसत त्यानं शेजारच्या नत्थूभाऊच्या कानात पुस्ती जोडली, "तो संत्रेवाला सोडून. अन् मोबाइलच्या दुकानातला पोट्टा सोडून. अन् आमचा जावई."

बस हसली. बस म्हणजे प्रताप नगरचं ज्येष्ठ नागरिक मंडळ. गुडघे, कवळ्या, शुगरच्या गोळ्या, आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं. एप्रिलची दुपार होती आणि ऊन असं की डांबरालाही घाम फुटावा. मिहानच्या रस्त्याला आपल्या भागाच्या इतिहासाचं नवं म्युझियम झालं होतं. तिथं काचेपलीकडून नुसतं बघायचं नाही. हात लावायचा, बोलायचं, खेळायचं, असं पत्रकात छापलं होतं. मंडळातल्या कुणालाच इतिहासाशी काही घेणंदेणं नव्हतं. आत एसी आहे हे कळलं आणि बस भरली.

रुपराव सातवीपर्यंत शिकला होता. सातवीत तो दोनदा बसला, कारण पहिल्या खेपेला हेडमास्तरचा आवाज काढून त्यानं साऱ्या शाळेला सुट्टी देऊन टाकली होती. पुढं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा केला. लग्नं, गणपती, निवडणुका. माइक घरचा आणि आवाजही घरचेच. कंडक्टरचा काढा, पुजाऱ्याचा काढा, नगरसेवकाचा काढा. रुपरावच्या फोनला फसला नाही असा माणूस गल्लीत उरला नव्हता. फसलेला माणूस रागवायचा, मग हसायचा, मग चहा पाजायचा. रुपरावला वाटे, जगाची रीत हीच.

खिडकीशी त्याची बायको रुख्मिणी बसली होती. ती हसली नव्हती. ती बारा वर्षांपासून हसली नव्हती.

त्याचं असं झालं. रुपरावला तिच्या भावाचा, देवाजीचा आवाज फार छान जमे. "बाई, माय पडली वं," असा फोन करायचा. ती बिचारी पदर सावरत, रडत दारापर्यंत धावायची, आणि फाटकाबाहेर हा पोट धरून उभा. असं एकदा नाही, कितीदा तरी झालं. मग एक दिवस तिच्या मायला खरंच धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं, आणि एका सकाळी तिथल्या काउंटरवरून देवाजीचा फोन आला. "बाई, माय गेली. लवकर ये." रुख्मिणी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "गेली तर जाऊ द्या. माह्या पोळ्या करपून राहिल्या," आणि फोन ठेवून दिला.

प्रताप नगरातून धंतोली ती किती लांब? ऑटोत बूड टेकेपर्यंत येते. पण खरं काय ते कळलं तोवर गाडी मायला घेऊन माहेरी, काटोलकडं निघून गेली होती. रुख्मिणी पोचली तेव्हा चितेचा नुसता धूर उरला होता. बहीण फोनवर काय बोलली ते देवाजीनं साऱ्या भावकीला सांगितलं, आणि पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही.

"अन् त्या दिवशी तर मी मजाक केलीच नव्हती!" रुपराव तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगत आला होता. ते खरंही होतं. त्या सकाळी तो बिचारा एका मांडवात वायरी गुंडाळत होता.

आज त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. हिला हसवायचं. मरायच्या आधी एक डाव तरी हिच्या तोंडून हसू काढायचं, म्हणजे मग हिशेब फिटला.

२

"आजी-आजोबा, इथं सगळ्याला हात लावायचा बरं का!" गाईड पोरगी म्हणाली. तिचं नाव सोनिका. गळ्यात कार्ड, हातात टॅब्लेट, आणि गालापाशी मुंगीएवढा माइक.

"बाई, घरी सून आमाले फ्रिजले हात लावू देत नाई," रुपराव म्हणाला, "इथं राहालेच येतो ना आमी."

पहिल्या दालनात भिंतभर नकाशा होता. रामटेकवर बोट ठेवलं की घंटा वाजायची, ताडोब्यावर ठेवलं की वाघ. यमुताई वाकून चष्म्यातून नावं वाचत होत्या, तेवढ्यात रुपरावनं मागून हात लांब केला आणि ताडोबा दाबला. यमुताई महाल भागातल्या जुन्या कारकुनी घराण्यातल्या. त्यांच्या मराठीलाही इस्त्री असायची. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून जे निघालं त्याला इस्त्री नव्हती.

"रुपराव, शोभतं का हे या वयात?"

"याच वयात शोभते जी. तरुणपणी मार पडते."

सगळे हसले. रुपरावनं चोरून रुख्मिणीकडं पाहिलं. ती नकाशावर काटोल शोधत होती. बोट ठेवलं तर तिथून काहीच वाजलं नाही.

दुसरं दालन गोल आणि अंधारं होतं. मध्ये मारबत उभी होती.

नागपूरकराला मारबत सांगावी लागत नाही. बाहेरच्यांनी एवढं जाणावं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती निघते. बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेली राक्षशीण, बटबटीत डोळे, बाहेर लोंबणारी जीभ. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी माणसं ओरडतात, ईडा-पीडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत! आणि मग तिला वस्तीबाहेर नेऊन जाळतात. तिनं नेलं ते तिच्यासोबत जळालं. पुढल्या वर्षी बांबू नवा, कागद नवा, बाई नवी.

म्युझियमातली मारबत त्या मानानं लहान होती. तरी माणसावर माणूस उभा केला तर भरेल एवढी. खाली चाकांचा गाडा, गाड्याखाली रूळ. समोर स्टँडवर माइक.

"माइकमध्ये बोलायचं, काय न्यायचं ते," सोनिका म्हणाली. "हिरवा दिवा लागला की ती घेऊन जाते. त्या काळ्या पडद्यामागं स्क्रीनवर आग दिसते. एकदम खरी वाटते."

"आणि नंतर?" यमुताईंनी विचारलं.

"नंतर पलीकडच्या दारानं परत येते. रूळ गोल आहे ना. पुढच्या ग्रुपसाठी लागते."

मघापासून कवळ्या चावणाऱ्या म्हाताऱ्यांचे जबडे थांबले.

"परत येते?" नत्थूभाऊ म्हणाला. "मंग जाळत नाई तिले?"

"काका, दर वेळी जाळली तर फायर अलार्म वाजेल ना."

हशा झाला. रुपरावही हसला, पण त्याच्या हसण्याला नेहमीसारखी उकळी नव्हती. बापाच्या खांद्यावर बसून मारबत पाहिली तेव्हापासून त्यानं येताना तिचं तोंड पाहिलं होतं आणि जाताना पाठ. जाऊन परत आलेलं तोंड त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. नेलेलं सगळं पोटात घेऊन ती परत आली, तर ते तोंड कसं दिसत असेल?

हट्, तो स्वतःशी म्हणाला. कागद हाय तो.

३

पहिला मान नत्थूभाऊला. हा एसटीचा रिटायर्ड कंडक्टर, आणि त्याचा खोकला त्याच्याआधी खोलीत शिरायचा. बसमध्येही त्यानं सगळा रस्ता खोकून काढला होता. दोन लहान ठसके आणि एक लांब, घासलेला. एसटी सुरू व्हायला नाही म्हणते तसा.

"हा खोकला," नत्थूभाऊ माइकमध्ये म्हणाला आणि खोकला, "हा खोकला घेऊन जाय गे मारबत!"

हिरवा दिवा लागला. मारबत हलली. रूळ गुणगुणला, पडदा दुभंगला, मिटला. आतून लाकडं तडतडल्याचा आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बंद झाला का गा?" रुपरावनं विचारलं.

नत्थूभाऊनं तोंड उघडलं. खोकायचा प्रयत्न केला. मग छातीवरून हात फिरवला, खिशातली वस्तू हरवल्यावर माणूस चाचपतो तसा. "नाई येऊन राहिला," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याचा चेहरा उतरला.

"एसीची हवा हाय बापा. कोरडी असते."

तेवढ्यात पलीकडचं दार सरकलं आणि मारबत परत आली. रुपराव त्याच बाजूला उभा होता. जाताना चाकं गुपचूप गेली होती. येताना ती कुरकुरत होती, माल भरून आलेल्या बंडीसारखी. मारबत त्याच्याजवळून गेली तेव्हा तिच्या पोटातून आवाज आला. दोन लहान ठसके, एक लांब.

रुपराव आवाजाच्याच धंद्यातला. लगेच ताडलं त्यानं, माइकमधून रेकॉर्ड करायचं आणि आतल्या स्पीकरवर सोडायचं. छान डोकं लावलं पोट्ट्यांनी. स्पीकर कोणत्या कंपनीचा ते बघायला तो वाकला. कागदाला बाजूनं एक चीर होती. आत बांबूच्या काड्या होत्या, सुतळी होती, खळीचे वाळलेले थेंब होते. वायर एकही नव्हती. स्पीकरही नव्हता.

"ब्लूटूथ असंल," तो स्वतःला म्हणाला. ब्लूटूथ म्हणजे नेमकं काय ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्या शब्दानं बराच धीर आला.

४

मग तो माइकपाशी गेला. हीच वेळ. त्यानं घसा खाकरला आणि पुजाऱ्याचा नाकातला आवाज लावला, "आमच्या घरची सर्वांत जुनी ईडा-पीडा, सौभाग्यवती रुख्मिणी, घेऊन जाय गे मारबत!"

मंडळ फुटलं. यमुताईंनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला. पण दिवा लाल झाला.

"काका, मशीन बनावट आवाज घेत नाही," सोनिका म्हणाली. "तुमच्या स्वतःच्या आवाजात बोला."

"माह्या आवाजात?" रुपरावनं तोंड उघडलं. आणि अगदी पळभर, नाटकातलं वाक्य विसरावं तसं, आपला आवाज कोणता ते त्याला आठवेना.

तोवर रुख्मिणी पुढं आली होती. डोक्यावर पदर घेत तिनं विचारलं, "मी बोलू का वं पोरी?"

"बोला ना आजी. फक्त नाव स्पष्ट घ्या हं."

"अगं बाई, नाव!" यमुताईंना चेव आला. "उखाणा घे रुख्मिणी, उखाणा!"

बायकांनी टाळ्या सुरू केल्या, कारण गोष्ट तशीच होती. रुख्मिणीनं नवऱ्याचं नाव घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लग्नात घास भरवताना घेतलं तेवढंच. रेशनच्या रांगेत कुणी विचारलं तर ती शेजारणीला सांगायला लावायची. मतदानाच्या केंद्रावर एकदा तिनं नुसतं बोट दाखवलं होतं, ते उभे हाय ते. घरी "पियूषचे बाबा", बाहेर "आमचे हे". नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या मायनं तिला लहानपणी सांगितलं होतं, आणि मायचं सांगणं तिनं कधी मोडलं नव्हतं.

रुख्मिणीनं उखाणा घेतला नाही. ती माइकशी वाकली आणि ऑटोवाल्याला पत्ता सांगावा तशा आवाजात म्हणाली, "रुपराव सीताराम भोयर. राहणार प्रताप नगर. घेऊन जाय."

हिरवा दिवा.

टाळ्या सुरू होता होता विरल्या. हसणारे एकमेकांकडं बघू लागले. सगळ्यांत मोठ्यांदा रुपरावच हसला, "वा! याले म्हणते फटका! पाह्य नत्थ्या, मले फसवलं हिनं!" आणि हसता हसता त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. आता तरी हसली असेल.

ती मारबतीकडं बघत होती. कुणी गावाला निघालं की त्याची बस वळणाआड जाईपर्यंत माणूस बघत राहतो, तशी.

पडदा दुभंगला, मिटला. या वेळी रूळ गुणगुणला नाही. लाकडंही तडतडली नाहीत. सगळे पलीकडच्या दाराकडं बघत थांबले. मारबत आली नाही. सोनिकानं टॅब्लेटवर दोनचारदा बोट आपटलं.

"अडकली वाटतं. चला, आपण पुढच्या दालनात जाऊ."

५

पुढच्या दालनाचं काचेचं दार आपोआप उघडायचं. यमुताईंसाठी उघडलं, नत्थूभाऊसाठी उघडलं, रुपरावच्या नाकावर बंद झालं. तो हलला, डुलला, त्यानं हात वर केले. दार काच होऊन उभंच राहिलं. मागून रुख्मिणी आली तेव्हा ते उघडलं, आणि तिच्या पाठोपाठ तो आत सटकला.

"दारालेबी माहा कंटाळा आला!" तो म्हणाला. कुणी हसलं नाही. ऐकलं नसेल.

आतली जमीन पाय ठेवला की उजळायची. प्रत्येकाच्या पावलाखाली पिवळं कमळ फुलत होतं आणि म्हातारे पोरांसारखे उड्या मारत होते. रुपरावच्या पावलाखाली काळोख होता. त्यानं चप्पल काढली. तळवा घासला. बँकेतही आपला अंगठा उमटत नाही, त्याला आठवलं, बोटं झिजली म्हणतात. पायही झिजले असतील. वजन तर कमी झालंच आहे.

टोकाला एक मोठा आरशासारखा पडदा होता. समोर उभं राहिलं की त्यात आपल्या डोक्यावर जुन्या काळातली भरजरी पगडी चढायची. नत्थूभाऊ सरदार झाला. यमुताईंना नथ आली. रुपराव उभा राहिला. पडद्यात तो दिसत होता: टक्कल, पांढऱ्या मिशा, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. पगडी कुठं उतरायचं ते शोधत पडद्यावर भिरभिरली. त्याच्या डोक्यावरून गेली आणि त्याच्या मागं, लांब, काचेच्या दारापलीकडच्या गोल दालनातल्या काळ्या पडद्यापाशी जाऊन बसली. जमिनीपासून फार वर नाही. कुणी उकिडवं बसलं असेल तर त्याचं डोकं येईल तिथं.

रुपरावनं वळून पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

त्यानं पुन्हा आरशात पाहिलं. पगडी गदगदत होती. पोट धरून हसणाऱ्या माणसाची हलते तशी.

"नत्थ्या," तो म्हणाला, "हे पाह्य बे." नत्थूभाऊ त्याच्या हातभर अंतरावर होता. त्यानं वळून पाहिलं नाही. "नत्थूभाऊ! बहिरा झाला का गा?" काही नाही. त्यानं यमुताईंच्या तोंडापुढं हात हलवला. त्यांनी माशी वारावी तसा रुमाल फिरवला.

घाबरला की रुपराव मस्करी करतो. तोंडात आपोआप आलं म्हणून त्यानं कंडक्टरी आवाज लावला, "चला तिकीट, तिकीट, पुढं सरका!"

नत्थूभाऊ दचकून गर्रकन वळला. "कोण बोललं?"

"मीच ना बे!" रुपराव आपल्या आवाजात ओरडला.

नत्थूभाऊची नजर त्याच्यातून पार होऊन भिंतीवर गेली, तिथं रेंगाळली आणि परत फिरली. "स्पीकर असंल," तो यमुताईंना म्हणाला.

रुपरावनं पुजारी लावला, माणसं वळली. नगरसेवक लावला; कुणीतरी हसलं. स्वतःचा आवाज लावला की दालनात एसीची घरघर तेवढी उरायची. मघाशी हिरव्या दिव्यासमोर काय गेलं ते त्याला आता कळत होतं, आणि ते कळू नये म्हणून तो डोकं खाजवत होता. त्याचं नाव गेलं होतं. नाव परत आणायला हवं. ज्या तोंडातून गेलं त्या तोंडानंच.

६

रुख्मिणी बाकावर बसून बाटलीतलं पाणी पीत होती.

"मी दिसतो का वं तुले?"

"दिसता ना."

त्याला रडूच आलं. तो तिच्या शेजारी बसला. "माहा आवाज येते?"

"येते."

"मंग त्याइले काहून येत नाई?"

"त्याइले कवा येत होता?" रुख्मिणीनं बाटलीचं झाकण फिरवलं. "त्याइले कंडक्टर ऐकू येते, पुजारी ऐकू येते. तुमी कवा बोलले त्यायच्याशी?"

"रुख्मे, मजाक सोड. भल्लंच काहीतरी होऊन राहिलं. ते नाव परत घे."

"मी मजाक नाई केली."

"त्या मायच्या फोनावरून तू अजून... अवं, त्या दिवशी मी केलीच नव्हती ना! देवाजीच होता तो, खरा!"

"हो," ती म्हणाली. "तेवढ्याच दिवशी नव्हती केली. बाकी रोज केली, म्हणून त्या दिवशी माही माय तिथं गार पडून होती अन् मी इथं पोळीच्या गोष्टी करत होती. साऱ्या काटोलले माहीत हाय मी काय बोलली ते. भावाच्या दारी उभी नाई राहू शकली मी. अन् तुमी? तुमी तो किस्सा सांगता लोकाइले, मी नव्हतो, मी नव्हतो म्हणून. गेल्या महिन्यात नत्थूभाऊले सांगतला, चहा पिता पिता. मी आत कप विसळून राहिली होती."

हे सगळं तिनं आवाज न चढवता सांगितलं. चढवला असता तर रुपरावला बरं वाटलं असतं.

"चूक झाली. हजारदा झाली. पण माणसाले असं कोणी पाठवते का वं?"

रुख्मिणी उठली, बाटली पिशवीत ठेवली. "चला," ती म्हणाली.

एवढ्या लवकर ती मानेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो जवळजवळ पळतच तिच्या पुढं झाला, आणि दाराशी थांबला. ते तिच्याशिवाय उघडणार नव्हतं.

७

गोल दालनात कुणी नव्हतं. मंडळाचा गलका काचेपलीकडं राहिला. माइकवर हिरवा दिवा जळत होता, कुणी न बोलता.

"बोल," रुपराव कुजबुजला. "नाव घे अन् परत दे म्हण."

तेवढ्यात रूळ थरथरला. आधी पायाला कळलं, मग कानाला. वास आला, जळक्या कागदाचा. कागदाचाच ना? तव्यावर विसरलेल्या पोळीचाही असाच येतो. त्यानं आठवून पाहिलं की आग तर स्क्रीनवर आहे, आणि स्क्रीनच्या आगीला वास नसतो. हे आठवायला नको होतं.

पलीकडचं दार सरकलं.

जाऊन परत आलेलं तोंड रुपरावनं पहिल्यांदा समोरून पाहिलं. डोळे तेच, रंग तोच. जीभ आत गेली होती. ओठ मिटलेले होते, आणि गाल किंचित, अगदी किंचित, हलत होते. ती सावकाश येत होती. पोटातून आधी खोकला आला, दोन लहान, एक लांब. मग एक हसू आलं. खिक् खिक् खिक्, आणि शेवटी पडलेल्या दाताच्या फटीतून निघणारी बारीक शिट्टी. सत्तर वर्षं ते हसू त्यानं आतून ऐकलं होतं. बाहेरून कधी ऐकलं नव्हतं. त्यानं झटकन आपल्या तोंडावर हात ठेवला. तोंड बंद होतं.

चाकं कुरकुरत नव्हती. चाकांचा आवाजच नव्हता. कागदी निऱ्यांच्या खाली, अंधारात, काहीतरी टेकत होतं. आधी एक. मग दुसरं. मध्ये थोडं थांबून, दम लागलेल्या म्हाताऱ्या बाईसारखं.

रुख्मिणी पुढं गेली. तिनं पदर नीट केला, गुडघे टेकले आणि निऱ्यांच्या घेरात हात घालून, मायच्या पायांवर ठेवावं तसं तिथं डोकं ठेवलं. मारबत थांबली. कागद सळसळला आणि रुख्मिणीच्या पाठीवर थोडा खाली झुकला.

"काय हाय वं तिथं?" रुपरावनं विचारलं. "चाकं हाय ना? रुख्मे, चाकंच हाय ना?"

तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे, त्याला वाटलं, बरं झालं, रडलं की माणूस मऊ होते. मग तिनं मान वळवली आणि हिरव्या उजेडात तिचं तोंड दिसलं. ती हसत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायची तशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आवाज न करता.

रुपराव माइकचा दांडा धरून खाली बसला. कंडक्टर आठवेना, पुजारी आठवेना, कुणीच आठवेना. घशात खोल कुठंतरी एक आवाज होता, बारका, चिरका, कधी न वापरलेला. तेवढाच हाताला लागला.

"रुख्मे, मी भेऊन राहिलो वं. मले नाई जाचं. तुह्या पाया पडतो. मायच्या पाया पडतो. एक डाव नाव परत घे. खरं सांगतो, मी खरंच भेऊन राहिलो."

रुख्मिणीनं पदरानं डोळे पुसले.

"वा जी," ती म्हणाली, "भल्ला जमला. हा कोणाचा आवाज काढला?"